खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२०

खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा भारतात तयार होणाऱ्या, आयात होणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे मानकचिन्ह सक्तीचे करणारा केंद्र सरकारचा आदेश आहे. वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६ च्या कलम १६ अन्वये २५ फेब्रुवारी २०२० रोजी तो काढला. प्रारंभी तो १ सप्टेंबर २०२० पासून लागू व्हावयाचा होता. ही तारीख पुढे ढकलण्यात येऊन १ जानेवारी २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

विषारी रंग, सुटणारे बारीक भाग, टोकदार कडा आणि सदोष विद्युतजोडणी यांपासून मुलांचे संरक्षण करणे हा आदेशाचा हेतू आहे. त्याचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. हजारो नग एकाच साच्यातून काढणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने चाचणी आणि परवाना हा उत्पादनखर्चातील एक लहानसा भाग असतो. थोड्याथोड्या नगांची अनेक प्रकारची खेळणी करणाऱ्या घरगुती उत्पादकाचा व्यवसाय चालणार की नाही हे मात्र त्याच खर्चावर ठरू शकते. या विषमतेमुळे डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती करून नोंदणीकृत हस्तकलाकार व भौगोलिक निर्देशांकाचे अधिकृत वापरकर्ते यांना सूट देण्यात आली. या सुटीबाहेर राहिलेले लघुउत्पादक आणि किरकोळ विक्रेते यांचा प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिला.

पार्श्वभूमी

लहान मुले वस्तू तोंडात घालतात, चावतात आणि ओढतात. त्यामुळे मोठ्यांच्या वापरात निरुपद्रवी ठरणारी वस्तू मुलाच्या हातात धोकादायक ठरू शकते. शिसे हा धातू मेंदूच्या वाढीस घातक असून मुलांच्या शरीरात तो प्रौढांपेक्षा अधिक प्रमाणात शोषला जातो. प्लॅस्टिकला मऊपणा आणण्यासाठी वापरली जाणारी थॅलेट गटातील काही रसायने संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणतात. २०१० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील खेळण्यांची तपासणी करून त्यांतील थॅलेटच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले होते.

खेळण्यांसाठी भारतीय मानके पूर्वीपासून अस्तित्वात होती. परंतु देशांतर्गत उत्पादकांवर ती बंधनकारक नव्हती. सुरुवातीचे निर्बंध मुख्यतः आयातीपुरते होते. जानेवारी २००९ मध्ये चीनमधून येणाऱ्या खेळण्यांवर सहा महिन्यांसाठी बंदी घालण्यात आली आणि नंतर ती शिथिल करून चाचणी प्रमाणपत्राची अट ठेवण्यात आली. २०१७ मध्ये आयात खेळण्यांसाठी भारतीय मानकांनुसार चाचणी आवश्यक करण्यात आली. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने केलेल्या पाहणीत आयात खेळण्यांच्या नमुन्यांपैकी सुमारे ६७ टक्के नमुने चाचणीत अनुत्तीर्ण ठरले. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले आणि त्याच महिन्यात प्रस्तुत आदेश निघाला. २०२३ मध्ये हे शुल्क ७० टक्के झाले. सुरक्षा आणि देशी उद्योगाचे संरक्षण हे दोन हेतू या धोरणात अशा रीतीने एकत्र आलेले दिसतात.

तरतुदी

व्याप्ती

चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी तयार केलेली किंवा उघडपणे त्या हेतूने असलेली कोणतीही वस्तू, मग ती केवळ खेळण्यासाठीच असो वा नसो, आदेशाच्या कक्षेत येते. उत्पादनाच्या किमान संख्येची किंवा उलाढालीची कोणतीही मर्यादा मूळ आदेशात नाही. वर्षाला शंभर बाहुल्या शिवणारी गृहिणी आणि लक्षावधी नग काढणारा कारखाना यांना मूळ आदेश एकाच मापाने मोजतो. केवळ निर्यातीसाठी तयार होणाऱ्या मालाला तो लागू नाही.

मानके

विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस ९८७३ या मानकाचे पुढील भाग लागू होतात.

भाग १ : यांत्रिक व भौतिक गुणधर्म
भाग २ : ज्वलनशीलता
भाग ३ : विशिष्ट मूलद्रव्यांचे स्थलांतर
भाग ४ : घरगुती वापराचे झोपाळे, घसरगुंड्या व तत्सम खेळणी
भाग ७ : बोटांनी रंगवायचे रंग
भाग ९ : विशिष्ट थॅलेट रसायने

विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होते. खेळण्याचे एखादे जरी कार्य विजेवर अवलंबून असेल, तरी ते या गटात मोडते.

पहिल्या भागातील सर्वपरिचित चाचणी बारीक भागांची आहे. तीन वर्षांखालील मुलांचे खेळणे किंवा त्याचा सुटणारा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्णपणे मावता कामा नये, कारण अशी वस्तू मुलाच्या घशात अडकू शकते. बाहुलीचा डोळा, गाडीचे चाक, खुळखुळ्यातील मणी हे भाग ओढून, पिळून व आपटून ते सुटतात का हे पाहिले जाते. तिसऱ्या भागात पोटातील आम्लासारख्या द्रावणात खेळण्यातून किती मूलद्रव्य उतरते याचे मापन होते. शिशासाठी ही मर्यादा किलोग्रॅममागे ९० मिलिग्रॅम, कॅडमिअमसाठी ७५, पाऱ्यासाठी ६० आणि आर्सेनिकसाठी २५ मिलिग्रॅम आहे. नवव्या भागात ठरावीक थॅलेट रसायनांचे प्रमाण ०.१ टक्क्यापर्यंत मर्यादित केले आहे.

परवाना

मानकचिन्ह, म्हणजेच आयएसआय चिन्ह, वापरण्यासाठी उत्पादकाला भारतीय मानक ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो. परवाना उत्पादनस्थळासाठी असतो. एकाच उत्पादकाच्या दोन ठिकाणच्या कारखान्यांना दोन परवाने लागतात. विजेवर चालणाऱ्या व न चालणाऱ्या खेळण्यांसाठीही परवाने वेगवेगळे असतात. अर्ज, उत्पादनस्थळाची तपासणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुन्यांची चाचणी, परवाना आणि त्यानंतर ठरलेल्या आराखड्यानुसार नियमित तपासणी असा क्रम असतो. चिन्हासोबत परवाना क्रमांक छापणे आवश्यक असून ग्राहकाला तो ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर पडताळून पाहता येतो. परदेशी उत्पादकांनाही असाच परवाना घ्यावा लागतो.

शिक्षा

अधिनियमाच्या कलम १७ नुसार सक्तीच्या यादीतील वस्तू मानकचिन्हाशिवाय तयार करणे, आयात करणे, वितरित करणे, विकणे, भाड्याने देणे, साठवणे किंवा विक्रीसाठी मांडणे यांस मनाई आहे. कलम २९ मधील मूळ तरतुदीप्रमाणे उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख व पुढील प्रत्येक वेळी किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत वाढू शकते.

लघुउत्पादकांवरील परिणाम

चाचणीचा खर्च नगांच्या संख्येवर अवलंबून नसतो. एखाद्या खेळण्याच्या तपासणीस दहा हजार रुपये लागतात असे उदाहरणादाखल मानल्यास, पन्नास हजार नगांचे उत्पादन असेल तर तो भार नगामागे वीस पैसे पडतो; शंभर नगांचे उत्पादन असेल तर तोच भार नगामागे शंभर रुपये होतो. शंभर रुपयांना विकली जाणारी लाकडी गाडी या हिशेबात टिकू शकत नाही.

लहान उत्पादकाच्या कामाचे स्वरूपही या अडचणीत भर घालते. कारखान्यात एकच वस्तू दीर्घकाळ बनत राहते. घरगुती उत्पादक सणवार आणि ग्राहकाची मागणी पाहून घडण, रंग व साहित्य बदलत असतो. कापडी बाहुल्या करणाऱ्यांकडे उरलेल्या चिंध्या, वेगवेगळ्या दुकानांतील बटणे आणि दोरे असतात. प्रत्येक खेपेला साहित्य वेगळे. समान साहित्याच्या आणि समान वयोगटाच्या खेळण्यांचे गट करून चाचणी करण्याची सोय ब्युरोच्या पद्धतीत आहे, परंतु साहित्य बदलले की ही सोयही अपुरी पडते.

तिसरी अडचण तपासणीच्या साधनांची आहे. परवानाधारकाकडे स्वतःची चाचणीसुविधा असावी ही प्रमाणन योजनेतील सर्वसाधारण अपेक्षा आहे. बारीक भागांचे नळकांडे, वजने, मोजपट्ट्या अशी साधने साधी असली, तरी रासायनिक चाचण्यांसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेवरच अवलंबून राहावे लागते. या कारणास्तव सूक्ष्म उद्योगांना स्वतःची चाचणीसुविधा उभारण्यापासून मर्यादित काळासाठी सूट देण्यात आली. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी चिन्हांकन शुल्कातही सवलत आहे.

रंग हा लाकडी व मातीच्या खेळण्यांतील सर्वांत नाजूक भाग असतो. कारागीर रंग स्वतः तयार करीत नाही. बाजारातील डबा आणतो. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. औद्योगिक वापराचे रंग या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. परिणामी दोन सारख्याच दिसणाऱ्या डब्यांपैकी कोणता निवडला यावर खेळण्याची सुरक्षितता ठरू शकते. सुरक्षित साहित्याची खातरजमा कच्च्या मालाच्या टप्प्यावरच झाली, तर प्रत्येक कारागिराने तीच चाचणी पुन्हा करण्याची गरज उरणार नाही, असा युक्तिवाद लघुउत्पादकांच्या बाजूने केला जातो.

हस्तकलाकारांना सूट

११ डिसेंबर २०२० च्या दुरुस्ती आदेशाने दोन प्रकारच्या उत्पादकांना सक्तीच्या प्रमाणनातून वगळले. पहिला प्रकार वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी केलेल्या कारागिरांचा. अशा कारागिरांना 'पहचान' हे ओळखपत्र दिले जाते. दुसरा प्रकार भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या उत्पादनाचे नोंदणीकृत मालक व अधिकृत वापरकर्ते यांचा. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणी, आंध्र प्रदेशातील कोंडापल्ली व एटिकोप्पाका येथील लाकडी खेळणी ही या दुसऱ्या प्रकारातील प्रसिद्ध उदाहरणे होत. चन्नपट्टण व एटिकोप्पाका येथे कातलेल्या लाकडावर रंगीत लाखेचा थर चढविला जातो, तर एटिकोप्पाका हे विशेषतः नैसर्गिक रंगांसाठी ओळखले जाते.

ही सूट गावाला किंवा कलाप्रकाराला नाही, तर नोंदणी असलेल्या व्यक्तीला आहे. एखाद्या उत्पादनास भौगोलिक निर्देशांक मिळाला तरी त्या गावातील प्रत्येक कारागीर आपोआप अधिकृत वापरकर्ता होत नाही. त्यासाठी स्वतंत्र नोंद करावी लागते. शेजारीशेजारी बसून एकच वस्तू घडविणाऱ्या दोन कारागिरांपैकी एक सुटीस पात्र आणि दुसरा अपात्र, अशी स्थिती त्यामुळे उद्भवू शकते.

सूट मानकचिन्हापुरती आहे, जबाबदारीपासून नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादक व विशिष्ट परिस्थितीत विक्रेता भरपाईस पात्र ठरतो. सुटीचा निकष उत्पादकाची ओळख हा आहे, वस्तूची सुरक्षितता हा नाही. यावर टीकाही होते. हस्तकलेच्या खेळण्यातही शिसे असू शकते आणि चाक निखळू शकते. मुलाच्या दृष्टीने ते कोणी घडविले याला महत्त्व नसते.

महाराष्ट्रातील स्थिती

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे लाकडी खेळण्यांचे महाराष्ट्रातील सर्वांत नावाजलेले केंद्र आहे. तेथील चितारी कारागीर रंगीत लाकडी फळे व भाज्या, भातुकली आणि गंजिफा यांसाठी प्रसिद्ध आहेत. येथील वस्तूंचे स्वरूपच 'खेळणे' या व्याख्येची अडचण स्पष्ट करते. टोपलीत मांडलेली लाकडी फळे बैठकीत शोभेसाठी ठेवली जातात आणि भातुकलीतही वापरली जातात. मुख्यतः शोभेसाठी असलेल्या वस्तू व केवळ मोठ्यांसाठी असलेल्या संग्राह्य वस्तू मानकाच्या कक्षेत येत नाहीत. भातुकली मात्र निःसंशय खेळणे आहे. वस्तू एकच असताना ती कशी वर्णिली व कोणाला विकली यावर तिचे कायदेशीर स्थान अवलंबून राहते.

सणांशी निगडित वस्तूंबाबतही हाच प्रश्न पडतो. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले सजविलेले लाकडी बैल ओढत नेतात. दिवाळीत अंगणातील किल्ल्यांवर मांडण्यासाठी मातीचे रंगीत मावळे विकले जातात. या वस्तू वर्षातील काही दिवसच विकल्या जातात, त्यांचे उत्पादक विखुरलेले असतात आणि मुलांच्या हाती त्या प्रत्यक्ष खेळण्यासाठीच जातात. जत्रेतील भिरभिरी, पिपाण्या आणि टिकटिक्या करणाऱ्यांपैकी अनेकांचे पक्के उत्पादनस्थळही नसते. स्थळनिहाय परवान्याची कल्पना त्यांच्या व्यवसायाशी जुळत नाही. अशांसाठी हस्तकलाकार म्हणून नोंदणी हाच मुख्य व्यवहार्य मार्ग उरतो.

शहरांतील नव्या घरगुती उत्पादकांची स्थिती वेगळी आहे. विणलेल्या बाहुल्या, कापडी पुस्तके, माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने तयार करून समाजमाध्यमांद्वारे विकणाऱ्या महिलांचा यांत मोठा सहभाग असतो. त्यांचे काम हाताचे असले तरी ते परंपरागत हस्तकलेच्या चौकटीत बसेलच असे नाही. नोंदणी नसेल तर आकाराने कितीही लहान असला, तरी उत्पादकाला पूर्ण प्रमाणन आवश्यक ठरते.

विक्रेते आणि पुनर्विक्री

किरकोळ विक्रेता खेळणे तयार करीत नाही. तथापि चिन्हाविना माल साठवणे व मांडणे हेही कलम १७ खाली उल्लंघन असल्याने त्याची जबाबदारी मोठी आहे. आदेश लागू होण्यापूर्वी खरेदी केलेला जुना माल ही त्याची पहिली अडचण ठरली. करोना साथीच्या टाळेबंदीमुळे २०२० मध्ये दुकाने दीर्घकाळ बंद होती आणि माल पडून राहिला होता. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी तो संपविण्यासाठी अधिक मुदतीची मागणी केली होती.

दुसरी अडचण सूट असलेल्या मालाची आहे. दुरुस्तीची भाषा नोंदणीकृत कारागिराने तयार केलेल्या व विकलेल्या वस्तूंविषयी आहे. त्यामुळे दुकानात मांडलेल्या चिन्हाविना लाकडी खेळण्याचा उगम दाखविण्याचा भार व्यवहारात दुकानदारावर येतो. कारागिराच्या ओळखपत्राची प्रत व खरेदीची पावती जपून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. परंतु तुळशीबागेसारख्या बाजारपेठेतील किंवा जत्रेतील लहान विक्रेत्याचे व्यवहार बहुधा घाऊक व्यापाऱ्यामार्फत होतात आणि कारागिरापर्यंत पोहोचणारा कागद हाती नसतो.

वापरलेल्या खेळण्यांसाठी आदेशात वेगळी तरतूद नाही. नातेवाइकांत किंवा शेजारी खेळणी देण्याघेण्याला हा आदेश आड येत नाही, कारण तो व्यापाराचे नियमन करतो. जुन्या खेळण्यांची दुकाने आणि शुल्क घेऊन खेळणी वापरायला देणारी खेळणी-ग्रंथालये यांचा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण अधिनियमात भाड्याने देण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०२१ पूर्वीच्या खेळण्यांवर चिन्ह असण्याची शक्यता कमी असते. असे प्रत्येक खेळणे चाचणीस पाठविणे अशक्य असते, कारण काही चाचण्यांत नमुना नष्टच होतो.

अंमलबजावणी

मानक ब्युरोच्या अधिकाऱ्यांना झडती व जप्तीचे अधिकार आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने देशभरातील मॉल, विमानतळ व मोठ्या दुकानांतून सुमारे १८,६०० खेळणी जप्त केल्याचे जाहीर केले. याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-वाणिज्य कंपन्यांनाही नोटिसा बजावल्या. संकेतस्थळांवर विक्रेते असंख्य असल्याने मंच चालविणाऱ्या कंपन्या परवाना क्रमांकाची मागणी करू लागल्या. सुटीस पात्र असलेल्या कारागिरालाही तेथे आपली पात्रता सिद्ध करावी लागते.

परिणाम आणि मतभेद

सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये भारताची खेळण्यांची आयात ३३.२५ कोटी अमेरिकी डॉलर होती. २०२२-२३ मध्ये ती १५.८७ कोटी डॉलरपर्यंत घटली. याच काळात निर्यात ९.६१ कोटींवरून ३२.५७ कोटी डॉलरपर्यंत वाढली. आयातशुल्कातील वाढ आणि गुणवत्ता आदेश हे दोन्ही उपाय २०२० मध्येच जाहीर झाल्याने या बदलातील प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे. आदेशाविषयी अमेरिका व युरोपीय संघ यांनी जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप नोंदविले.

समर्थकांच्या मते स्वस्त व घातक आयात मालाने देशी कारागिराची बाजारपेठ हिरावली होती. सक्तीच्या मानकांमुळे ती त्याला परत मिळण्याची संधी आली. टीकाकारांच्या मते आयात मालामुळे रिकामी झालेली जागा परवाना परवडणाऱ्या मोठ्या देशी कारखान्यांनी भरून काढण्याचा संभव अधिक आहे. मुलांची सुरक्षा हा हेतू कोणत्याही पक्षाला अमान्य नाही. सुरक्षिततेचा पुरावा कोणी, कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या खर्चाने द्यावा, हा खरा वादविषय आहे.

इतर देशांशी तुलना

अमेरिकेत हाच प्रश्न भारताआधी उभा राहिला. २००७ मध्ये शिसेयुक्त रंगाची लक्षावधी खेळणी परत मागवावी लागल्यानंतर ऑगस्ट २००८ मध्ये ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायदा संमत झाला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या उत्पादनांसाठी त्याने शिशाची कडक मर्यादा आणि त्रयस्थ प्रयोगशाळेतील चाचणी अनिवार्य केली. घरगुती उत्पादक, जुन्या वस्तूंची दुकाने आणि ग्रंथालये यांनी त्याला विरोध केला. जानेवारी २००९ मध्ये तेथील सुरक्षा आयोगाने पुनर्विक्रेत्यांना चाचणीची सक्ती नसल्याचे स्पष्ट केले. मात्र मर्यादेपेक्षा अधिक शिसे असलेली वस्तू विकण्यास मनाई कायम ठेवली. लाकूड, कापूस, लोकर इत्यादी नैसर्गिक साहित्याला शिशाच्या चाचणीतून वगळण्यात आले. ऑगस्ट २०११ च्या दुरुस्तीने वापरलेल्या बहुतेक वस्तूंना शिशाच्या प्रमाणाच्या मर्यादेतून सूट मिळाली. तसेच एका वस्तूचे वर्षाला ७,५०० पेक्षा अधिक नग न करणाऱ्या आणि दहा लाख डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या उत्पादकांना काही त्रयस्थ चाचण्यांतून मोकळीक देण्यात आली. रंगातील शिसे, बारीक भाग, पाळणे यांसारख्या अधिक जोखमीच्या बाबतींत मात्र चाचणी सर्वांनाच बंधनकारक राहिली. परत मागविलेल्या वस्तूंची पुनर्विक्रीही निषिद्ध आहे.

युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळणी सुरक्षा निर्देशानुसार सामंजस्य साधलेली मानके पूर्णपणे पाळणारा उत्पादक स्वतःच अनुरूपतेची घोषणा करू शकतो. त्यासाठी त्याला तांत्रिक कागदपत्रे ठेवावी लागतात आणि घोषणेची जबाबदारी त्याची स्वतःची असते.

भारतीय पद्धतीत सूट उत्पादकाच्या नोंदणीवर, अमेरिकेत उत्पादनाच्या आकारमानावर व साहित्यावर, तर युरोपात स्वयंघोषणेवर आधारलेली आहे. नगांच्या संख्येवर आधारित सूट भारतीय आदेशात नसल्याने नोंदणीबाहेरच्या लहान उत्पादकाला परवाना घेणे, नोंदणी मिळविणे किंवा खेळण्यांचा व्यवसाय सोडणे एवढेच पर्याय राहतात.

हे सुद्धा पहा

भारतीय मानक ब्युरो
भौगोलिक निर्देशांक
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
सावंतवाडी
गंजिफा
चन्नपट्टण
भातुकली
तान्हा पोळा